मतें एकवटण्याची मुभा

१९३७ च्या फेब्रुवारींत मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. अहमदाबाद-सुरतेपासून धारवाड-कारवारापर्यंतच्या जिल्ह्यांतून असेंब्लीसाठीं १७५ सभासद निवडावयाचे होते. त्यांपैकीं ११४ जागा सर्वसाधारण मतदारसंघांच्या, २९ मुसलमानांच्या, आणि बाकीच्या स्त्रिया, कामगार, व्यापारी, जमीनदार, युरोपियन अशा नाना वर्गांत वांटलेल्या होत्या. मताधिकार सर्वांस नव्हता. सारा, भाडें, शिक्षण यांसारखी एखादी अट पुरी करणारासच तो मिळे. या सर्व गुंतागुंतीच्या रचनेंत एक नियम मात्र असा होता कीं, ज्याकडे त्या वेळीं सुशिक्षितांचेंहि फारसें लक्ष गेलें नसेल.

सर्वसाधारण ११४ जागांपैकीं १५ जागा अनुसूचित जातींसाठीं व ७ मराठ्यांसाठीं राखून ठेविल्या होत्या. १९३२ च्या पुणें करारानें अनुसूचित जातींचा स्वतंत्र मतदारसंघ गेला व त्याऐवजीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. उमेदवार त्या जातींचा खरा, पण त्याला मतें देणारे सर्व हिंदु मतदार. म्हणजे ज्यांचा प्रतिनिधि निवडावयाचा, त्यांचें मत बहुसंख्यांच्या मतांत बुडून जाण्याचा संभव उघड होता. चारांहून अधिक उमेदवार असल्यास त्यांतले चार जण प्रथम त्या जातींच्याच मतदारांनीं निवडावे, अशी तरतूद करारांत होती. परंतु अखेरचा निकाल सर्वांच्या मतांवर लागे.

येथें मुंबई प्रांतांतील मतदानाची रीत उपयोगी पडली. अनेक जागांच्या मतदारसंघांत प्रत्येक मतदारास जितक्या जागा तितकीं मतें मिळत, आणि तीं निरनिराळ्या उमेदवारांस वांटावीं किंवा सर्वच्या सर्व एकालाच द्यावीं, ही मुभा असे. एक कल्पित उदाहरण घेतलें म्हणजे मर्म ध्यानांत येईल. एका मतदारसंघांत तीन जागा असून त्यांतील एक राखीव आहे. दहा हजार मतदारांपैकीं दीड हजार अनुसूचित जातींचे आहेत. एखाद्या मोठ्या पक्षास चार हजार मतदार मानतात व आपलें एकेक मत त्याच्या तिन्ही उमेदवारांस देतात. राखीव जागेवरील त्या पक्षाच्या उमेदवारास चार हजार मतें पडलीं. दीड हजारांनीं आपल्या माणसास एकेकच मत दिलें असतें, तर तो सपाटून पडता. पण प्रत्येकानें तिन्ही मतें त्यालाच दिलीं, तर साडेचार हजार होतात, आणि राखीव जागा त्याची होते. अर्थात् यासाठीं दुसऱ्या कोणासहि मत न देण्याचा संयम लागे. तो निरक्षर म्हणून हिणविलेल्या मतदारांत शहाण्यांपेक्षां कमी नसतो.

आंबेडकरांनीं ऑगस्ट १९३६ मध्यें स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाला या रीतीचा लाभ झाला. पक्षानें थोड्याच जागा लढविल्या, पण त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. स्वतः आंबेडकर मुंबई शहरांतील भायखळा-परळ भागांतून १३,२४५ मतांनीं निवडून आले. काँग्रेसचे उमेदवार, विख्यात क्रिकेटपटु बाळू पालवणकर, यांस ११,२२५ मतें पडलीं. नाशकांतून भाऊराव गायकवाड, पुण्यांतून भोळे आले. शामराव परुळेकर व सुरबा टिपणीस हे तर अनुसूचित जातींचे नव्हते. कोंकणांतील खोतीच्या जाचाचा प्रश्न या पक्षानें हातीं घेतला होता, हें त्यांच्या विजयामागें होतें. प्रांतांत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण निर्भेळ बहुमत त्यालाहि लाभलें नाहीं.

रीत चांगली असली म्हणून विजय ठरलेला असतो, असें मात्र नव्हे. १९४६ च्या निवडणुकींत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा या प्रांतांत साफ पराभव झाला.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, आणि १९५१ च्या कायद्यानें मतें एकवटण्याची मुभा गेली. दोन जागांच्या मतदारसंघांत मतदारास दोन मतें असत, पण एका उमेदवारास एकच देतां येई. दुसरेंहि त्यालाच दिल्यास तें बाद होई. १९५२ सालीं उत्तर मुंबईंतून लोकसभेसाठीं उभे असलेले आंबेडकर १४,५६१ मतांनीं पडले. त्या निवडणुकीविरुद्ध त्यांनीं व अशोक मेहता यांनीं तक्रारअर्ज केला. ७४,३३३ मतें बाद झालीं, ही त्यांतील एक मोठी तक्रार होती. मतें वाया घालविण्याचा उघड प्रचार प्रतिपक्षानें केला, असेंहि त्यांत म्हटलें होतें. अर्ज फेटाळला गेला. पुढें १९६१ च्या कायद्यानें दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले व एका जागेस एक मत, ही रीत सर्वत्र रूढ झाली.