गळाच्या काठीसाठी बांबू : निवड, तोडणी आणि वाळवणी

रेवस परिसरात खाडीवर गरवायला जाणाऱ्याला काठी घरच्या बेटातूनच मिळू शकते. मात्र अनेकदा वर्षभरात त्या काठीतून पिवळसर भुगा गळू लागतो आणि मोठा जिताडा गळाला लागताच ती मधोमध मोडते. दोष बांबूचा नसतो. काठी कोवळी किंवा अवेळी तोडलेली असते.

कोणता बांबू घ्यावा?
- माणगा : बिनकाटेरी, सरळ, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. गळाच्या काठीसाठी उत्तम.
- मानवेल : चिवट व लवचिक. कोरड्या, डोंगरउताराच्या जमिनीतही येतो.
- कळक : काटेरी, जाड व पोकळ. बांधकामाला चांगला, पण काठीला जड पडतो.

बाहेरची साल जपा
बांबूचे मजबूत तंतू सालीलगत दाट असतात, गाभ्याकडे विरळ होतात. परदेशातील फ्लाय फिशिंगच्या काठ्या याच गुणावर बनतात. बांबू चिरून त्रिकोणी पट्ट्या करतात, आतला मऊ भाग रंधून काढतात आणि साल बाहेर ठेवून सहा पट्ट्या षटकोनी चिकटवतात. 19व्या शतकात या काठ्यांसाठी भारतातून ‘कलकत्ता केन’ जात असे. तो सामान्यतः मानवेल मानला जातो. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आपण अखंड काठी वापरतो, तरी नियम तोच : पेरे फक्त घासून घ्यावीत, साल खोल तासू नये.

तोडणी
1. तीन वर्षे पूर्ण झालेली काठी निवडावी. कोवळ्या काठीवर टरफले व पांढरी भुकटी दिसते; पक्क्या काठीचा रंग मळकट होतो आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो.
2. पावसाळ्यात तोडू नये. तेव्हा नवे कोंब वाढत असतात, तोडणीत ते मोडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य.
3. जमिनीजवळच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर काप घ्यावा. खुंटात पाणी साचत नाही.

भुंगेरे बांबूतील पिठूळ अंशासाठी येतात. कापलेल्या तोंडावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. गडद निळा-काळा रंग आला तर पिठूळ अंश जास्त आहे.

प्रक्रिया व वाळवणी
- काठ्या दोन-तीन आठवडे गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवाव्यात. पाणी साचलेले असल्यास अधूनमधून बदलावे.
- नंतर सावलीत, हवेशीर जागी उभ्या करून दीड-दोन महिने वाळवाव्यात. कडक उन्हात त्या तडकतात.
- वाकडी पेरे निखाऱ्यावर फिरवत गरम करावीत, हळूहळू सरळ करून गार होईपर्यंत धरावीत.
- शेवटी जवसाचे तेल किंवा वॉर्निश लावावे. गरवून आल्यावर खारे पाणी गोड्या पाण्याने धुवावे.

बांधावर माणग्याची चार रोपे लावली, तर काही वर्षांत काठ्या घरच्याच मिळतील. फक्त पक्की काठी कोणती, हे तोडण्याआधी बेटात उभे राहून नीट पाहा.