शेवटच्या दिवशी दोनदा पडलेला पाऊस

शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहायचे काम मुले हौसेने करतात. समजा, पाच दिवसांच्या नोंदी अशा आहेत : १२, ०, ७, ३ आणि ४० मिलिमीटर. एकूण पाऊस ६२ मिलिमीटर.

या नोंदी संगणकात ठेवायला पायथन भाषेतली साधी यादी, म्हणजे लिस्ट, पुरेशी आहे. पण तिच्या दोन अडचणी आहेत. कोणीही मधली नोंद पुसू शकतो. आणि यादीतली मोजणी शून्यापासून होते, तर आपली तारीख एकपासून. म्हणून आपण यादीभोवती एक वेष्टन घालतो. आत यादीच, बाहेर आपले नियम. या नव्या प्रकाराला 'पाऊसनोंद' म्हणू. (असा प्रकार लिहिण्याच्या आराखड्याला पायथनमध्ये क्लास म्हणतात. आपल्या वर्गाशी त्याचा संबंध नाही!)

आता अपेक्षा अशी की, यादी जिथे चालते तिथे पाऊसनोंदही चालावी. बेरीज करणारे 'सम', सर्वांत मोठी संख्या शोधणारे 'मॅक्स', एकेक घटक घेणारे 'फॉर' हे आवर्तन, सगळ्यांनी तिला आपली मानावे. हे कसे घडते? पायथन वस्तूची जात विचारत नाही, तिला काय येते ते पाहते. 'लेन' आणि 'गेटआयटेम' या नावांच्या मागेपुढे दोन-दोन अधोरेषा लावून आपण दोन कृती लिहायच्या. पहिली सांगते घटक किती आहेत. दुसरी, अमुक क्रमांकाचा घटक कोणता. एवढ्यावर बेरीज होऊ लागते, आवर्तनही चालते. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते.

आपल्याला तारीख एकपासून हवी. म्हणून दुसऱ्या कृतीत आपण लिहितो : मागितलेल्या क्रमांकातून १ वजा कर आणि आतल्या यादीतला तो घटक दे. तपासून पाहू. पहिला दिवस १२, पाचवा ४०. घटक किती? ५. मॅक्स? ४०. सारे बरोबर. आता बेरीज करा. उत्तर येते १०२!

मी स्वतः अशाच एका चुकीपायी अर्धा दिवस घालवला आहे, कारण संगणक कसलीही तक्रार करत नाही. घडते ते असे. आवर्तनासाठी वेगळी कृती दिलेली नसेल तर पायथन आपली जुनी रीत वापरते : शून्य क्रमांकाचा घटक माग, मग एक, मग दोन, आणि 'क्रमांक हद्दीबाहेर' अशी चूक आली की थांब. आपल्याकडे शून्य मागितला की त्याचा होतो उणे एक. पायथनच्या यादीत उणे एक म्हणजे शेवटचा घटक! म्हणून आधी ४० मिळतो, मग १२, ०, ७, ३ आणि पुन्हा ४०. सातव्या मागणीला आतली यादी संपते आणि आवर्तन थांबते. पाच नोंदींतून सहा घटक निघाले. मॅक्स बरोबर आला, कारण तीच संख्या दोनदा आल्याने सर्वांत मोठी संख्या बदलत नाही.

२००१ साली आलेल्या २.२ या आवृत्तीपासून आवर्तनासाठी 'इटर' ही स्वतंत्र कृती देता येते. तिथे आतल्या यादीचेच आवर्तन परत केले की बेरीज ६२ येते. पण मला हे ठिगळ वाटते. शून्य क्रमांक मागितला तर अजूनही शेवटचा दिवसच मिळतो, आणि उलट क्रमाने घटक देणारे 'रिव्हर्स्ड' ३, ७, ०, १२, ४० असा भलताच क्रम देते. तेही शून्यापासूनचेच क्रमांक धरून चालते. यादीसारखे वागायचे तर क्रमांक शून्यापासूनच ठेवावेत, आणि तारखेसाठी 'दिवस' नावाची निराळी कृती लिहावी. एकपेक्षा लहान तारीख तिने स्पष्ट नाकारावी. नोंद बदलण्याची कृती मात्र मुद्दामच देऊ नये.

वर्गात करून पाहण्यासारखे : चुकीची पाऊसनोंद मुलांना द्या, आवर्तनात किती घटक आले ते मोजायला सांगा आणि 'लेन'च्या उत्तराशी ताडून पाहा. मग शेवटची नोंद ४० ऐवजी ० करा आणि पुन्हा बेरीज घ्या. या वेळी ती बरोबर, म्हणजे २२ येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या.