शिकलेली बाई म्हणजे नवल नव्हे!



एखादी लेक शिकून पुढं गेली की लोक म्हणतात, "हिची गोष्टच वेगळी. सगळ्या बायकांना नाही जमत." एकीचं कौतुक होतं, पण बाकीच्या सगळ्या कमी ठरतात. ही मेख पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका तरुण विधवेनं ओळखली होती. तिचं नाव लाउरा चेरेता.

तेव्हा इटलीत जुन्या विद्येला नवी पालवी फुटत होती. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांचे कितीतरी ग्रंथ मठांमध्ये धूळ खात पडले होते. चौदाव्या शतकात पेत्रार्क हा कवी आणि त्याच्यामागून इतर अभ्यासक ते शोधू लागले, त्यांच्या नकला करू लागले. पुढं १४५५च्या सुमारास जर्मनीत छापखाना आला आणि पुस्तकं स्वस्त होऊ लागली.

विद्यापीठांची दारं मात्र बायकांना बंदच होती. काही मोजके वडील मुलींना घरी लॅटिन शिकवत. लाउरा त्या मुलींपैकी एक. तिचा जन्म १४६९ सालचा, ब्रेशिया शहरातला. पंधराव्या वर्षी लग्न झालं, दीडेक वर्षात नवरा वारला. तिनं वाचन सोडलं नाही.

बाई असून विद्वान म्हणून तिला नवलाची वस्तू ठरवणाऱ्यांना तिनं १४८८ साली एका पत्रातून उत्तर दिलं. तिचं म्हणणं असं की, शिकण्याची शक्ती निसर्गानं सगळ्यांनाच दिली आहे. जी कष्ट घेईल तिला विद्या येईल. पुरावा म्हणून तिनं जुन्या ग्रंथांतल्या शहाण्या स्त्रियांची यादीच मांडली.

त्या यादीत रोमची हॉर्टेन्सिया होती. इसवी सनापूर्वी ४२ साली राज्यकर्त्यांनी १४०० श्रीमंत बायकांवर लढाईसाठी कर बसवला. त्यांची बाजू मांडायला एकही पुरुष पुढं येईना. हॉर्टेन्सिया भर चौकात उभी राहिली. राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही, मग कर का भरायचा, असं तिनं विचारलं. शेवटी करातून हजार बायका सुटल्या.

हॉर्टेन्सियाचं बोलणं कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून दीड हजार वर्षांनी ते लाउराच्या कामी आलं.

इटलीत एका स्त्रीला विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळायला १६७८ साल उजाडलं. म्हणजे ग्रंथ सापडले तरी दारं लगेच उघडली नाहीत. पण दार ठोठावणाऱ्यांच्या हाती पुरावा आला.

मैत्रिणींनो, आपल्या गावात पहिली शाळा शिकलेली बाई कोण? ग्रामसभेत पहिल्यांदा कोण बोललं? पुढच्या बैठकीत म्हाताऱ्यांना विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. उद्या एखाद्या नातीला तीच वही दाखवता येईल.