सत्त्वावजय आणि संवादोपचार : उदगीर परिसरातील रुग्णास वाट कशी दाखवावी?

उदगीर, देवणी, जळकोट, अहमदपूर आणि पलीकडे मुखेडपर्यंतच्या भागात चिकित्सा करणाऱ्या आपणा सर्वांस एक रुग्णवर्ग चांगला परिचित आहे. डोके जड होणे, छातीत धडधडणे, अंगात त्राण नसणे, भूक मंदावणे, पहाटे तीनलाच झोप मोडणे, जीव घाबराघुबरा होणे अशा तक्रारी घेऊन तो येतो. नाडी, जिव्हा, मल-मूत्र पाहून झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, तरी व्याधीचे अधिष्ठान हाती लागत नाही. "मन लागत नाही" हे वाक्य तो बोलतो, पण शेवटी, उठून जाताना. वस्तुतः तेच त्याचे प्रधान लक्षण असते.

अशा रुग्णांमध्ये नैराश्य व चिंताविकार यांचे प्रमाण मोठे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही दरी केवळ तज्ज्ञांच्या अभावाने पडलेली नाही. कोठे जावे, तेथे काय होते आणि लोक काय म्हणतील, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाजवळ नसतात. ती उत्तरे देण्याचे काम त्याचा नेहमीचा वैद्यच उत्तम प्रकारे करू शकतो, असे आम्हांस वाटते.

शास्त्राची भूमिका

बोलण्यातून उपचार ही कल्पना आपणांस परकी नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे हे सत्त्वावजयाचे स्वरूप होय. मानस दोषांसाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सूत्रस्थानाच्या आरंभीच निर्दिष्ट आहेत. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश होऊन प्रज्ञापराध घडतो, हे तर आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत.

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सत्त्वावजय म्हणजेच आजचा संवादोपचार, असे समीकरण मांडणे सोपे असले तरी यथार्थ नाही. ग्रंथांत तत्त्व आहे. किती बैठका घ्याव्यात, प्रत्येक बैठकीत काय करावे, सुधारणा कशी मोजावी, याची क्रमबद्ध पद्धती मात्र गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे. तत्त्व आपले म्हणून पद्धतीकडे पाठ फिरवणे जसे अयोग्य, तसेच पद्धती नवी म्हणून तत्त्व विसरणेही अयोग्य.

संवादोपचारात प्रत्यक्ष काय होते?

रुग्णाची समजूत अशी की, तेथे कोणी तरी उपदेश करील, "टेन्शन घेऊ नका" असे सांगून परत पाठवील. ही समजूत आपणच दूर केली पाहिजे. गोव्यातील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण व देखरेखीखाली काम करणारे सामान्य शिक्षित समुपदेशक होते. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठका केल्या, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची.

पद्धती साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडतो. काम सुटले की समाधान सुटते, आणि समाधान सुटले की नैराश्य वाढते. हे चक्र रुग्णास समजावून सांगायचे, दिवस कसा जातो याची नोंद ठेवायला लावायची, पूर्वी आनंद देणारी लहान लहान कामे ठरवून पुन्हा सुरू करायची आणि समोरची अडचण तुकडे पाडून सोडवायची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे उदाहरण विदर्भातील आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमात गावातीलच कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याविषयी जागृती केली, समुपदेशकांनी बैठका घेतल्या आणि गरज पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञाची जोड दिली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कोरडवाहू शेती, कर्ज आणि आत्महत्या यांनी ग्रासलेल्या मुलखात हे घडले, म्हणून मराठवाड्याने त्याची दखल घेतली पाहिजे.

आपल्या परिसरातील वाटा

मनाच्या जखमा काय असतात हे लातूर जिल्ह्याला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने घरांबरोबर मनेही कोसळली होती. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांनी पुढे त्यात भर घातली. २०१५ मध्ये शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. आज रुग्णास पुढील वाटा सांगता येतात.

पहिली वाट दूरध्वनीची. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेली-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून सेवा अहोरात्र चालते. मराठीसह वीस भाषांत बोलता येते. उदगीरसारख्या सीमावर्ती भागात, जेथे घरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू वा उर्दूही बोलली जाते, तेथे ही सोय मोलाची आहे. दवाखान्यात जाताना कोणी पाहील ही भीतीही येथे उरत नाही.

दुसरी वाट शासकीय रुग्णालयाची. १९९६ मध्ये देशात आरंभ झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका यांची तरतूद असते. पथक आपल्या तालुक्यात कोणत्या वारी येते, हे शासकीय रुग्णालयात विचारून प्रत्येक वैद्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवावे. लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही त्यापुढची पायरी. रुग्णास नुसते "लातूरला जा" म्हणू नये. कोणत्या विभागात, कोणत्या वेळी आणि कोणती कागदपत्रे घेऊन जायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसून गेलेला रुग्ण चुकीच्या दाराशी उभा राहिला, तर पुन्हा जात नाही.

तिसरी वाट गावातील आरोग्य उपकेंद्राची. आयुष्मान आरोग्य मंदिरांत नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आपले अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत आणि तेथील सेवांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. त्यांच्याशी व आशाताईंशी संबंध ठेवल्यास रुग्णाचा पाठपुरावा घराजवळच होतो.

खासगी समुपदेशकाकडे पाठवताना त्याचे शिक्षण व प्रशिक्षण अवश्य विचारावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती पाहावी.

वैद्याचे कर्तव्य

गेल्या दोन आठवड्यांत उदास वा निराश वाटले का, आणि कशातही रस उरला नाही असे झाले का, हे दोन प्रश्न संशयित रुग्णास एकांतात विचारावेत. स्त्रीरुग्णाबरोबर सासू वा पती आत असेल तर काही वेळ त्यांना बाहेर बसवावे. उत्तर होकारार्थी असल्यास झोप, भूक, थकवा, अपराधीपणाची भावना आणि जगण्याविषयीचे विचार यांची चौकशी करावी. पांडू, थायरॉईडचे विकार, मद्यपान, अलीकडील प्रसूती आणि चालू औषधे यांचा विचार करावा.

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज निराधार आहे. उलट विचारल्याने रुग्णाचा भार हलका होतो. असा विचार असेल तर रुग्णास एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे, फवारणीची औषधे कुलपात वा घराबाहेर ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. भास-भ्रम, अन्नपाणी सोडणे, अतिउत्साह व निद्रानाश, मद्य सोडताना येणारा कंप या अवस्थांतही केवळ संवादावर विसंबू नये. मनोविकारतज्ज्ञाने दिलेले औषध परस्पर बंद करू नये आणि आपण देत असलेली औषधे त्यांना लेखी कळवावीत.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने रुग्णाला उपचारांचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असेही तो सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण नाही. याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. त्याबरोबरच आपल्या शास्त्राच्या अधिकाराबाहेरील औषध कोणीही देऊ नये, हे बंधनही घातले आहे. सन्मान आणि मर्यादा दोन्ही स्वीकारल्या पाहिजेत.

प्रत्येक वैद्य समुपदेशक होऊ शकणार नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु रुग्णाचे बोलणे न तोडता दहा मिनिटे ऐकणे, त्याच्या दुःखाला व्याधीचे नाव देणे, योग्य दार दाखवणे आणि पंधरा दिवसांनी "गेला होतात का?" असे विचारणे हे आपणा प्रत्येकास शक्य आहे. नाडीवर ठेवलेल्या हातावर रुग्णाचा विश्वास असतोच. तो विश्वास त्याला पुढच्या दारापर्यंत नेण्यास उपयोगी पडावा, हीच आमची विनंती.