कुठला घोडा चांगली उडी मारेल?

आधी एक कोडं. माणूस आणि घोडा यांच्यात उंच उडीची स्पर्धा लावली, तर जिंकेल कोण?

घाईने उत्तर देऊ नका. क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने १९९३ साली २.४५ मीटर उंच उडी मारली. तो जागतिक विक्रम आजवर कुणालाही मोडता आलेला नाही. आणि घोड्याचा विक्रम? तो त्याहून जुना. ५ फेब्रुवारी १९४९ या दिवशी चिली देशात, कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल यांना पाठीवर घेऊन ‘उआसो’ नावाच्या घोड्याने २.४७ मीटर उंचीचा अडथळा ओलांडला. म्हणजे घोडा जिंकला, पण किती फरकाने? फक्त दोन सेंटिमीटर!

बरं, लांब उडी? तिथे तर गंमतच आहे. अमेरिकेच्या माइक पॉवेलची १९९१ मधली उडी ८.९५ मीटर. आणि पाण्यावरून उडी मारण्याचा घोड्याचा विक्रम, दक्षिण आफ्रिकेत १९७५ साली झालेला, ८.४० मीटर. इथे चक्क माणूस पुढे!

घोडा पाचशे किलोचा, त्याच्या मांड्या केवढ्या, छाती केवढी. मग तो आपल्या दुप्पट-तिप्पट उंच का नाही उडत? सतराव्या शतकात इटलीत जोव्हान्नी बोरेल्ली नावाचे एक शास्त्रज्ञ होते. प्राण्यांच्या हालचालींचं गणित मांडणं हा त्यांचा ध्यास. त्यांनी असा विचार केला: प्राणी मोठा, म्हणजे त्याचे स्नायू मोठे, म्हणजे ताकद जास्त. पण प्राणी मोठा म्हणजे उचलायचं वजनही तेवढंच जास्त! ताकद वाढली, ओझंही वाढलं, हिशेब बरोबरीत सुटला. म्हणून ढोबळमानाने पाहिलं तर लहान आणि मोठे प्राणी आपलं शरीर साधारण सारख्याच उंचीपर्यंत उचलू शकतात. मला विज्ञानातली ही गोष्ट फार आवडते. उआसो आणि सोतोमायोर एकमेकांच्या इतके जवळ का, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा तुम्ही घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा बघायला गेलात. स्पर्धा सुरू व्हायची आहे, घोडे समोरून फिरताहेत. यातला कुठला चांगली उडी मारेल, हे आधीच ओळखता येईल का?

अशी स्पर्धा आपल्या वसई-विरारपासून फार लांब नसते. विरारहून फास्ट लोकल पकडा, दादरला उतरून स्लो गाडी घ्या आणि महालक्ष्मीला उतरा. स्टेशनजवळच रेसकोर्स आहे, १८८३ सालचा. तिथे मुख्य शर्यती असतात त्या सपाट हिरवळीवर धावण्याच्या. इंडियन डर्बी तिथेच होते, २४०० मीटरची. अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यती, म्हणजे स्टीपलचेस, तिथे होत नाहीत. पण त्याच आवारात अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, १९४२ पासूनचा, आणि त्यांच्याकडे घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा होतात. त्यांना शो-जंपिंग म्हणतात. रंगीत दांडे आडवे लावलेले असतात. ते सगळे ठरलेल्या क्रमाने, एकही दांडा न पाडता, दिलेल्या वेळात ओलांडायचे. दांडा पडला की चार दोषगुण. घोडा अडथळ्यापुढे अडून बसला तरी चार. ऑलिंपिकमध्ये हे अडथळे १.६५ मीटरपर्यंत उंच असतात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यापेक्षा उंच!

बघायला आलेले बहुतेक लोक घोडा हवेत असतानाच ‘वा!’ म्हणतात. तुम्ही तसं करू नका. कारण पाय जमिनीवरून सुटले, की घोड्याच्या हातात फारसं काही उरत नाही. हवेत ढकलायला काहीच नसतं. किती उंच जायचं, कुठे उतरायचं, हे सगळं शेवटचा पाय जमीन सोडतो त्या क्षणी ठरून गेलेलं असतं. हवेत तो फक्त पाय दुमडून घेऊ शकतो आणि मान-पाठ गोल करू शकतो. उडी जमिनीवरच ठरते. म्हणून नजर ठेवायची ती उडीच्या आधीच्या तीन-चार झेपांवर.

तिथे काय होतं बघा. घोडा धावत येतो, अडथळ्याच्या साधारण पावणेदोन-दोन मीटर अलीकडे पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवतो. बांबूउडी मारणारा खेळाडू धावत येऊन बांबू टेकवतो ना, अगदी तसे. पुढे जायचा वेग त्या ताठ पायांवर अडतो आणि वर वळतो, छाती उचलली जाते. तेवढ्यात मागचे दोन्ही पाय पोटाखाली येतात आणि एकदम जोर लावतात. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत. जो घोडा इथे घाई करतो, फार लांबून झेप घेतो किंवा फार जवळ येऊन अडखळतो, त्याचा दांडा पडणार हे तुम्ही आधीच सांगू शकाल.

आणि यात गणितही आहे. शो-जंपिंगच्या घोड्याची एक झेप साधारण ३.६ मीटरची धरतात. दोन अडथळ्यांमध्ये मधली एकच झेप बसवायची असेल, तर उतरायला १.८ मीटर, मधे ३.६ मीटर, पुन्हा उडी घ्यायला १.८ मीटर. बेरीज ७.२ मीटर. मैदान आखणारा माणूस मुद्दाम हे अंतर थोडं कमी-जास्त करतो, मग स्वाराला ठरवावं लागतं की घोड्याला आवरायचं की लांब झेपा टाकू द्यायच्या. म्हणूनच स्पर्धेआधी सगळे स्वार घोड्याशिवाय, पायी मैदानात फिरतात आणि पावलं मोजतात. ते दृश्य चुकवू नका. कोण नीट मोजतंय आणि कोण नुसतं फिरतंय, यावरूनही निकालाचा अंदाज येतो.

आता घोड्याच्या डोळ्यांकडे या. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. पण अगदी नाकासमोरचं मात्र दिसत नाही! अडथळा फार जवळ आला की तो नजरेआड व्हायला लागतो. म्हणजे घोडा उडी मारतो ती काही अंशी आठवणीवर. शिवाय त्याला निळा आणि पिवळा हे रंग चांगले कळतात, पण लाल-नारिंगी आणि हिरवा यांत तो गोंधळतो. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं अडथळ्यांच्या खुणा नारिंगी रंगाच्या असायच्या. माणसाला त्या झगझगीत दिसायच्या, हिरवळीवर धावणाऱ्या घोड्याला मात्र नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं आणि मग तिथल्या शर्यतींच्या नियामक मंडळाने त्या खुणा पांढऱ्या करायचं ठरवलं. इतकी वर्षं सगळे माणसाच्याच डोळ्यांनी बघत होते!

पाय बघा. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. आणि खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं जाडजूड नख. पाचशे किलोचा प्राणी चार नखांवर उभा! त्या ‘मनगटा’खाली मांसल भाग जवळपास नाहीच, आहेत त्या लांब चिवट कंडरा. त्या ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि परत देतात. पण उडीनंतर उतरताना आधी एकच पुढचा पाय टेकतो, मग दुसरा. सगळा भार क्षणभर त्या एका पायावर. म्हणून फिरणाऱ्या घोड्याची चाल चारही पायांवर सारखी आहे का, मान एखाद्याच पावलाला झटकत नाही ना, हे आधी पाहायचं. पुढचा एक पाय टेकताना मान वर झटकली जात असेल तर तो पाय दुखतोय. असा घोडा उडी मारायला नेऊच नये, आणि किनाऱ्यावर फेरी मारायलाही नाही. तुम्हाला असा घोडा दिसला तर त्यावर बसू नका, त्याच्या मालकाला सांगा.

घोड्याचं हृदय चार-पाच किलोचं असतं. उभा असताना ते मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं आणि भरधाव पळताना दोनशेच्या वर! शिवाय त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. शर्यत सुरू होताच प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्त दाट होतं, प्राणवायू जास्त वाहून नेतं. आणि भरधाव पळताना घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो, तोही फक्त नाकाने. तोंडाने श्वास घेणं त्याला जमतच नाही. म्हणून शर्यतीनंतर त्याच्या नाकपुड्या इतक्या फुललेल्या दिसतात.

घोड्याला घामही येतो, आणि त्या घामाचा फेस होतो! त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे घाम तेलकट केसांवर भराभर पसरतो आणि वाळताना अंग गार करतो. पण घाम वाळायला हवा कोरडी लागते. आपली हवा कशी, ते वसईकरांना वेगळं सांगायला नको. दमट हवेत घाम अंगावर तसाच राहतो आणि घोडा तापतो. आणि शर्यतीआधीच, नुसतं फिरताना, एखाद्या घोड्याच्या मानेवर आणि मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आला असेल, तर बहुधा तो घाबरलाय किंवा वैतागलाय. शर्यतीसाठी ठेवलेली ताकद तो आधीच खर्च करून बसलाय.

आपल्या या दमट किनाऱ्यावरच्या मुलुखात घोडे कमीच, त्यामुळे पूर्वी त्यांना भाव केवढा असायचा! मार्को पोलो या प्रवाशाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय की तिथल्या राजाने समुद्री चाच्यांशी करारच केला होता: लुटलेला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे माझे. कारण राजाकडे घोडे नव्हते आणि परदेशातून जहाजांतून ते हिंदुस्थानाकडे येत. आपल्या वसईच्या खाडीपलीकडे घोडबंदर आहे ना, तिथेही पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोड्यांचा व्यापार चालायचा, असं सांगतात.

आता जगातली सर्वांत प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एनट्री येथे दर एप्रिलमध्ये ग्रँड नॅशनल होते. सुमारे ६.९ किलोमीटर आणि तीस उड्या! सगळ्यांनी सारखं वजन घ्यायचं असंही नाही. जो घोडा जास्त चांगला ठरलाय, त्याच्या पाठीवर जास्त वजन. स्वार हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाचे तुकडे ठेवतात. त्यामुळे कोण जिंकेल हे ओळखताना घोड्याच्या कीर्तीबरोबर त्याच्या पाठीवरचं ओझंही बघावं लागतं. ही शर्यत धोक्याची आहे. तिथे घोडे पडले आहेत, मेलेही आहेत, आणि मला ते मुळीच आवडत नाही. अडथळ्यांच्या आतले कडक लाकडी गाभे काढून लवचीक केले, २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीस केली. अजूनही बरंच करायला हवं, असं मला वाटतं.

या शर्यतीचा सर्वांत लाडका घोडा म्हणजे रेड रम. त्याच्या खुराच्या हाडाला असा आजार होता की तो बरा होत नाही, असंच समजत. जिंजर मॅकेन या प्रशिक्षकाने त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर पळवायला सुरुवात केली. ओली वाळू, खारं पाणी. आणि तोच रेड रम १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीन वेळा ग्रँड नॅशनल जिंकला. मधल्या दोन वर्षी दुसरा आला. तीन विजय दुसऱ्या कुठल्याच घोड्याला मिळालेले नाहीत.

वाळूत असं काय असतं? हे तुम्ही राजोडीला, कळंबला, भुईगावला किंवा अर्नाळ्याला स्वतःच शोधू शकता. कोरड्या वाळूचे कण एकमेकांवरून घसरतात, पाय रुततो आणि तुमच्या ढकलण्यातली ताकद वाळू हलवण्यातच जाते. ओल्या वाळूत कणांच्या मधे पाण्याचे बारीक थेंब असतात आणि ते कणांना एकमेकांशी धरून ठेवतात. जमीन घट्ट होते, पण दगडासारखी नाही. पाय टेकताना थोडी दबते, धक्का कमी बसतो. अजून पुढे पाण्यात गेलात की पाणी जास्त होतं, कण पुन्हा सुटे होतात आणि पाय परत रुतायला लागतो. घोडा पळवायला चांगली जागा म्हणजे या दोन्हींच्या मधला पट्टा.

रेसकोर्सवरही जमिनीचा घट्टपणा मोजतात. त्या यंत्राला पेनेट्रोमीटर म्हणतात. ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून दांडीवर सोडायचं आणि दांडी किती खोल गेली ते मोजायचं. काही घोड्यांना मऊ जमीन मानवते, काहींना कडक. म्हणून शर्यतीच्या सकाळी जाणकार लोक आधी हा आकडा विचारतात आणि मग घोड्याचं नाव.

तुमचं पेनेट्रोमीटर असं बनवा. एक मीटरभर लांब, टोकाला बोथट अशी काठी घ्या. गुडघ्याच्या उंचीवरून सरळ खाली सोडा. कोरड्या वाळूत तीनदा, ओल्या पट्ट्यात तीनदा, पाण्याच्या अगदी काठाशी तीनदा. प्रत्येक वेळी खोली मोजा आणि सरासरी काढा. मग त्या तिन्ही ठिकाणी धावत येऊन लांब उडी मारा आणि तीही मोजा. एखादी मोठी व्यक्ती बरोबर हवी, आणि ओहोटी कधी आहे ते निघण्याआधी कोळीवाड्यात विचारून घ्या.