चुंबळ, घागर आणि सीझियम

बार्शीटाकळीच्या आमच्या घरात आजीची चुंबळ अजून खुंटीला आहे. चुंबळ सैल झाली की घागर रुतून बसते, आखूड झाली की डुगडुगते. कड्यासारखे रेणू घडवणाऱ्यांचं निम्मं डोकं याच मापात जातं!

१९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी क्राऊन ईथर जगापुढे आणले. करायला गेले होते भलतंच, हाती लागले चिमूटभर पांढरे स्फटिक. १८ अणूंच्या कड्यात ६ ऑक्सिजन, आणि मधोमध पोटॅशियमचा आयन चपखल. १९८७ चं नोबेल त्यांना क्रॅम आणि लेन यांच्यासोबत मिळालं.

पण मला खरी गंमत वाटते ती ट्रॉम्बेची. अणुकचऱ्यात सोडियम रग्गड, सीझियम-१३७ त्यामानाने थोडं. ते वेचून काढायला भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅलिक्स-क्राऊन वापरला. चार बेंझीन कड्यांचा पेला, त्यावर ६ ऑक्सिजनची कमान. सीझियमचा आयन थोराड. त्याला ऑक्सिजनही धरतात आणि बाजूची दोन बेंझीन कडीही. बारक्या सोडियमला तिथे टेकायला काही सापडत नाही, त्याला आपलं पाणीच बरं.

आणि नुसतं धरून भागत नाही, सोडताही आलं पाहिजे. सौम्य नायट्रिक आम्लाने धुतलं की सीझियम सुटतं. ते काचेत मुरवून कांड्या करतात आणि त्या रक्तपेढीच्या इरॅडिएटरमध्ये बसवतात. त्यातल्या गॅमा किरणांनी दात्याच्या लिम्फोसाइट पेशींची वाढ थांबते; मग प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला ते रक्त देता येतं.