माहिती चौकट : पुठ्ठ्यातील छिद्र आणि भिंतीवरील सावली

स्वरूप : प्रेक्षकाच्या पावलाला, हाताला किंवा नाडीला प्रकाश जिथे तत्क्षणी उत्तर देतो, आणि त्यामुळे पाहणारा स्वतःच कलाकृतीचा अंश होतो, त्या प्रयोगशील रचनेस प्रतिसादी प्रकाशमांडणी म्हणतात.

कार्यपद्धती : कॅमेरा वा संवेदक हालचाल टिपतो, संगणक तिचा अर्थ लावतो आणि दिवे त्याचा हुकूम बजावतात.

दाखले : मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या ‘शॅडो ३’मध्ये (२००७) प्रेक्षकाच्या सावलीवर वस्तूंच्या सावल्या वरून घरंगळत येऊन चिकटतात, राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’मध्ये (२००६) संवेदकाच्या मुठी धरणाऱ्याच्या नाडीच्या ठेक्यावर दिवा लुकलुकतो आणि हात सुटताच तो ठेका शेजारच्या दिव्याकडे सरकतो.

सोलापूरचे नाते : सोलापुरी चादरीची नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्यात छिद्र असेल तरच ताण्याचा धागा वर उचलला जातो, ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची हीच भाषा छिद्रित कार्डांच्या रूपाने पुढे संगणकाने स्वीकारली असल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या मागाशी संसार केलेल्या या शहराला ही कला परकी मानण्याचे कारण नाही.